फ्रायबुर्गचें विद्याकुल

आपल्या घरांतून जुन्या पोथ्या व दप्तरें यांच्याबरोबर बहुधा एक वंशवृक्षही जपून ठेविलेला असतो. मूळपुरुष कोण, त्याचे पुत्र किती, कोणती शाखा कोणत्या गांवीं जाऊन राहिली, हें त्यावरून घरांतील लहानथोरांस कळतें. परंतु वंश हा शब्द आपल्या पूर्वजांनीं केवळ रक्ताच्या नात्यालाच लाविला होता असें नाहीं. बृहदारण्यकोपनिषदांत कोणी कोणापासून विद्या घेतली याची जी लांबलचक नामावळी आहे, तिलाही वंश असेंच म्हणतात. जन्मानें चालणारें कूळ निराळें व विद्येनें चालणारें कूळ निराळें, ही दृष्टि आपल्याला परकी नाहीं. आज आम्ही वाचकांपुढें असेंच एक विद्याकुल मांडणार आहों. तें आपल्या देशांतील नव्हे. जर्मनींतील फ्रायबुर्ग येथील सरकारी विद्यापीठांत तें उदयास आलें, बहरलें, एका वर्षांत स्वतःच्या हातांनीं त्यानें आपल्या फांद्या तोडल्या, आणि पुढें पुष्कळ वर्षांनीं त्याला पुन्हां पालवी फुटली. जीवशास्त्र व जीवरसायन या दोन शास्त्रांतील कित्येक मूलभूत शोध या एका गांवाशीं निगडित आहेत.

फ्रायबुर्ग हें शहर जर्मनीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत, ज्याला तिकडे ‘काळें अरण्य’ म्हणतात त्या डोंगराळ वनप्रदेशाच्या पायथ्याशीं, ड्रायझाम नांवाच्या लहानशा नदीच्या कांठीं वसलेलें आहे. येथील विद्यापीठ ऑस्ट्रियाच्या राजघराण्यांतील आल्ब्रेख्त यानें १४५७ सालीं स्थापिलें. त्या वेळीं आपल्या दक्षिणेंत बहामनी सुलतानांचें राज्य चाललें होतें. धर्मशास्त्र, कायदा, वैद्यक व तत्त्वज्ञान हे तेथील मूळचे विषय. प्राणिशास्त्राला स्वतंत्र पीठ मिळाण्यास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. आणि त्या पीठावर जो पहिला पुरुष बसला, त्यालाच आपण या विद्याकुलाचा मूळपुरुष म्हणूं.

मूळपुरुष

आउगुस्ट वाइझमान (१८३४–१९१४) हे १८६३ सालीं फ्रायबुर्गला आले व १९१२ पर्यंत तेथेंच शिकवीत राहिले. त्यांचा सारा ओढा सूक्ष्मदर्शकयंत्राकडे; पण ऐन उमेदींत त्यांचे डोळे अधू झाले. यंत्राला डोळा लावून बसणें अशक्य झालें, तेव्हां त्यांनीं मनानें पाहावयास सुरुवात केली. घरची मंडळी व साहाय्यक ग्रंथ वाचून दाखवीत आणि वाइझमान विचार करीत. या विचारांतून आनुवंशिकतेविषयींचा त्यांचा सिद्धान्त निघाला व १८९२ सालीं ‘बीजद्रव्य’ या अर्थाच्या नांवाच्या ग्रंथांत तो त्यांनीं सविस्तर मांडला.

त्या काळीं बहुतेक विद्वानांचा असा समज होता कीं, मनुष्यानें किंवा प्राण्यानें आपल्या आयुष्यांत जें कमावलें अथवा गमावलें, त्याचा अंश त्याच्या संततींत उतरतो. लोहाराच्या मुलाचे दंड जन्मतःच बळकट असतात, शेपूट तुटलेल्या मांजरीला बिनशेपटीचीं पिलें होतात, असल्या गोष्टी प्रमाण म्हणून सांगितल्या जात. वाइझमान यांनीं पांढरे उंदीर पाळले, त्यांच्या शेपट्या कापल्या, त्यांच्या पिलांच्याही कापल्या, आणि असा क्रम पांच पिढ्या चालविला. एकंदर ९०१ पिलें जन्मलीं. त्यांत एकही बिनशेपटीचें निघालें नाहीं. वाइझमान यांचें म्हणणें असें कीं, शरीराच्या पेशी निराळ्या व पुढील पिढीला जन्म देणाऱ्या बीजपेशी निराळ्या. शरीर हें बीजाचें वाहन आहे; वाहनाला पडलेला ओरखडा बीजापर्यंत पोहोंचत नाहीं. अलीकडे या नियमाला कांहीं बारीक अपवाद आढळले असले, तरी प्राण्यांच्या बाबतींत त्याचा गाभा आजही मान्य आहे. वाचकांनीं हे उंदीर ध्यानांत ठेवावे. लेखाच्या शेवटीं त्यांची पुन्हां गांठ पडणार आहे.

तान्ह्या बाळाचा केस

१८९६–९७ च्या हिवाळ्यांत क्षयाच्या विकारानें अंथरुणास खिळलेल्या एका तरुणानें वाइझमान यांचा हा ग्रंथ वाचला. त्याचें नांव हान्स स्पेमान (१८६९–१९४१). हा स्टुटगार्ट येथील एका ग्रंथप्रकाशकाचा मुलगा. ग्रंथानें त्याला भारून टाकलें. परंतु भारून जाणें निराळें आणि खरें मानणें निराळें. गर्भाची एक पेशी दुभागून दोन, दोहोंच्या चार अशी वाढ होतांना बीजद्रव्याचीही वांटणी होत जाते, कोणाला हाताचा हिस्सा तर कोणाला डोळ्याचा, असें वाइझमान यांनीं प्रतिपादिलें होतें. एकत्र कुटुंब विभक्त होतांना भांड्याकुंड्यांची वांटणी व्हावी, तसाच हा प्रकार. हें खरें कीं खोटें, हें स्पेमान यांना प्रयोगानें पाहावयाचें होतें.

त्यांनीं न्यूट हा प्राणी घेतला. पालीसारखा दिसणारा, पण बेडकाच्या गोतांतला असा हा जलचर आहे. त्याचें अंडें मोहरीच्या दाण्याएवढें. तें मधोमध आवळावयास धागा कोठून आणावा? स्पेमान यांनीं आपल्या तान्ह्या बाळाचा मऊ केस घेतला, त्याचा फांस केला व अंडें हलकेंच आवळलें. पेशीचें केंद्र एका भागांत राहिलें. तो भाग वाढूं लागला, दुसरा तसाच स्वस्थ राहिला. चार वेळां विभागणी होऊन सोळा पेशी झाल्यानंतर त्यांतील एक केंद्र अरुंद वाटेनें पलीकडे निसटलें, आणि तेवढ्या एका केंद्राच्या जोरावर दुसऱ्या अर्ध्या भागांतही संपूर्ण गर्भ तयार झाला. म्हणजे सोळाव्या हिश्श्याच्या धन्याजवळही घरची सारी ठेव शाबूत होती. वांटणी झालीच नव्हती. ज्या ग्रंथानें आपल्याला या मार्गास लाविलें, त्यांतील एक मुख्य मुद्दा स्पेमान यांनीं असा खोडून काढला. आणि १९१९ सालीं ते फ्रायबुर्गला, वाइझमान ज्या पीठावर बसत त्याच पीठावर, येऊन बसले. शिष्यादिच्छेत् पराजयम् असें आपल्याकडे म्हणतात. गुरूनें शिष्याकडून हार इच्छावी, ही गोष्ट येथें अक्षरशः घडली.

परघरचा तुकडा

१९२० सालीं स्पेमान यांच्याकडे हिल्डे प्रोशोल्ट नांवाची एक विद्यार्थिनी आली. गोटा गांवीं १८९८ सालीं जन्मलेल्या या मुलीनें फ्रांकफुर्ट येथें स्पेमान यांचें व्याख्यान ऐकलें आणि तेवढ्यावरून फ्रायबुर्गची वाट धरली. पुढच्याच वर्षीं स्पेमान यांचे साहाय्यक ओटो मांगोल्ड यांच्याशीं तिचा विवाह झाला. म्हणून शास्त्राच्या इतिहासांत त्या हिल्डे मांगोल्ड या नांवानें ओळखल्या जातात.

गुरूनें त्यांना पदवीच्या प्रबंधासाठीं जो प्रयोग दिला, तो सांगावयास सोपा व करावयास अत्यंत कठीण होता. न्यूटच्या दोन जाती घ्यावयाच्या, एकीचीं अंडीं फिकट, दुसरीचीं काळसर. फिकट गर्भाच्या एका विशिष्ट जागेचा, जेथून पेशी आंत वळूं लागतात त्या ओठासारख्या कडेचा, तिळाहूनही लहान तुकडा कापावयाचा व तो काळसर गर्भाच्या पोटाकडील बाजूला रोवावयाचा. हत्यारें म्हणजे स्वतःच तापवून ओढलेल्या कांचेच्या सुया व केसाचे फांस. न्यूट वसंतांतच अंडीं घालतो, म्हणून वर्षांतून कांहीं आठवडेच काम करतां येई. प्रतिजैविक औषधें त्या काळीं नव्हतीं. शेंकडों शस्त्रक्रिया केल्या तरी बहुतेक गर्भ सडून मरत. १९२१ व १९२२ अशा दोन वसंतऋतूंच्या परिश्रमांतून वर्णन करण्याजोगे जे गर्भ हातीं लागले, ते अवघे सहा!

परंतु त्या सहांनीं काम केलें. काळसर गर्भाच्या पोटावर दुसरा गर्भ उभा राहिला. त्याला पाठीचा कणा होता, मज्जारज्जू होता. आश्चर्याची गोष्ट पुढेंच आहे. हा दुसरा गर्भ सगळा त्या रोंवलेल्या तुकड्यापासून झालेला नव्हता. रंगावरून स्पष्ट दिसत होतें कीं, कण्याचा भाग बहुतांशीं फिकट पेशींचा आहे, पण मज्जारज्जू बहुतांशीं यजमानाच्या काळसर पेशींचा आहे. ज्या पेशी एरवीं पोटाची कातडी होऊन राहिल्या असत्या, त्यांना या पाहुण्या तुकड्यानें नवें वळण लाविलें. परघरून आलेली एखादी कर्ती सून विस्कळीत घराला आकार देते. घरांतील माणसें तींच, पण ज्याला त्याला आपलें काम समजतें, तसेंच हें झालें. या तुकड्याला स्पेमान यांनीं ‘संघटक’ असें नांव दिलें. गर्भांतील पेशी एकमेकींना सांगतात, एकमेकींचें ऐकतात, आणि त्या संभाषणांतून शरीर घडतें, ही आजच्या गर्भविज्ञानांतील मध्यवर्ती कल्पना या प्रयोगानें पक्की केली.

हा निबंध १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यावर पहिलें नांव स्पेमान यांचें होतें व दुसरें हिल्डेबाईंचें. इतर शिष्यांचे प्रबंध केवळ त्यांच्याच नांवानें निघत, आपल्या बाबतींत मात्र असें कां, याचें हिल्डेबाईंना वाईट वाटलें, असें त्यांचे सहाध्यायी व्हिक्टर हाम्बुर्गर यांनीं पुढें लिहून ठेविलें आहे. कल्पना गुरूची होती व तिचें मोल थोर होतें, हेंही खरें. या वादाचा निकाल लावण्यास त्या स्वतः राहिल्या नाहींत. तान्हा मुलगा घेऊन त्या पतीबरोबर बर्लिनला राहावयास गेल्या होत्या. तेथें स्वयंपाकघरांत शेगडीचा स्फोट होऊन त्या भाजल्या आणि ४ सप्टेंबर १९२४ रोजीं, सव्वीस वर्षेंही पुरीं झालीं नसतां, निवर्तल्या. १९३५ सालीं याच शोधाबद्दल स्पेमान यांना नोबेल पारितोषिक मिळालें. दिवंगतांस तें देण्याचा प्रघात नाहीं.

आरंभीं आम्ही बृहदारण्यकांतील वंशाचा उल्लेख केला. त्या उपनिषदाच्या अखेरच्या नामावळींत आचार्यांचीं नांवें पित्यावरून नव्हे, तर मातेवरून दिलेलीं आहेत, अमुकीचा पुत्र, तमुकीचा पुत्र, अशीं. आपल्या घरोघरच्या वंशवृक्षांत मात्र मुलींना व सुनांना बहुधा जागा नसते. हिल्डेबाईंचें नांव निबंधावर दुसरें कां होईना पण आलें, म्हणून आज जगास तें ठाऊक आहे. ज्यांचें आलेंच नाहीं, त्यांची गणती कोण करणार?

यकृतांतील रहाटगाडगें

इकडे वैद्यकशाखेंत दुसरी एक फांदी फुटत होती. १९३१ सालीं हान्स क्रेब्ज (१९००–१९८१) हे तरुण डॉक्टर फ्रायबुर्गच्या रुग्णालयांत दाखल झाले. बर्लिन येथें ओटो वारबुर्ग यांच्यापाशीं त्यांनीं एक कसब आत्मसात केलें होतें: जनावराच्या अवयवाचे कागदासारखे पातळ काप काढून ते कांहीं काळ पात्रांत जिवंत ठेवणें व त्यांनीं घेतलेला प्राणवायु मोजणें. या साधनानें क्रेब्ज एका साध्या प्रश्नास भिडले. आपण डाळ, दूध वगैरे जें प्रथिनयुक्त अन्न खातों, त्याचें पचन होतांना शरीरांत अमोनिया उत्पन्न होतो. अमोनिया हें विष आहे. यकृत त्याचें निरुपद्रवी युरियांत रूपांतर करून मूत्रावाटे बाहेर घालवितें. पण तें हें करतें कसें?

कुर्ट हेन्झेलाइट या विद्यार्थ्यास हाताशीं घेऊन क्रेब्ज यांनीं उंदराच्या यकृताच्या कापांवर एकामागून एक पदार्थ घालून पाहिले. ऑर्निथीन नांवाचें अमिनो आम्ल घातल्याबरोबर युरियाची उत्पत्ति एकदम वाढली. आणि नवल असें कीं, ऑर्निथीन खर्च होतच नव्हतें. विचार करतां उलगडा झाला. ऑर्निथीन अमोनिया व कार्बनवायु उचलून सिट्रुलीन बनतें. हा पदार्थ जपानांत कलिंगडाच्या रसांत सांपडला होता. सिट्रुलीन आणखी नायट्रोजन घेऊन आर्जिनीन बनतें. आर्जिनीन युरिया टाकून देतें व पुनः ऑर्निथीन होतें. कोंकणांतील आमच्या वाचकांस हें समजावून सांगण्याची जरूरी नाहीं. रहाटाचें गाडगें खालीं जातें, भरतें, वर येऊन पन्हळींत रितें होतें व पुन्हां खालीं जातें. पाणी वाहून जातें, गाडगें तेंच राहतें. शरीरांतील रासायनिक क्रिया अशा चक्राकार चालतात, हें १९३२ सालच्या या शोधानें दाखवून दिलें. त्या वेळीं क्रेब्ज यांचें वय बत्तीस वर्षांचें होतें.

एकाच वर्षांतील घाव

पुढच्या वर्षाच्या जानेवारींत हिटलर जर्मनीचा मुख्य प्रधान झाला. एप्रिल १९३३ मध्यें बाडेन प्रांताच्या सरकारनें ज्यू वंशाच्या नोकरांस दूर करण्याचा हुकूम सोडला व क्रेब्ज यांच्या हातीं बडतर्फीचें पत्र पडलें. त्याच महिन्यांत विद्यापीठाचे कुलगुरु म्हणून प्रख्यात तत्त्वज्ञ मार्टिन हायडेगर यांची निवड झाली. ते नव्या राजवटीचे पुरस्कर्ते होते. क्रेब्ज जूनमध्यें इंग्लंडांत केंब्रिज येथें हॉपकिन्स यांच्या आश्रयास गेले. तेथून ते शेफील्डला गेले, आणि १९३७ सालीं, अन्नापासून शरीरास शक्ति कशी मिळते याचें जें मुख्य चक्र, तें त्यांनीं तेथें उलगडलें. आज जगांतील प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी तें ‘क्रेब्ज चक्र’ म्हणून घोकतो. हा शोध फ्रायबुर्गच्या नांवावर लागावयाचा. तो शेफील्डच्या नांवावर लागला. क्रेब्ज यांना रुग्णालयांत आश्रय देणारे प्रमुख वैद्य टान्हाउझर हेही ज्यू. त्यांनाही पद सोडून अमेरिकेस जावें लागलें.

प्राणिशास्त्राच्या शाखेवरही तोच घाव बसला. वर सांगितलेले हाम्बुर्गर १९३२ सालीं शिष्यवृत्ति घेऊन वर्षभरासाठीं शिकागोस गेले होते. परत येऊं नये, जागा गेली आहे, असें पत्र त्यांना तेथेंच मिळालें. पुढें सेंट लुई येथें त्यांनीं १९४७ सालीं रीटा लेव्ही-मोंताल्चिनी या इटालियन विदुषीस बोलावून घेतलें. त्या प्रयोगशाळेंतून निघालेल्या मज्जातंतुवर्धक द्रव्याच्या शोधाबद्दल लेव्ही-मोंताल्चिनी व स्टॅन्ली कोहेन यांस १९८६ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. उपटून फेंकलेलें रोप दुसऱ्याच्या अंगणांत रुजलें व फळलें.

या काळाचा विचार करतांना एका गोष्टीवर पांघरूण घालतां येत नाहीं. जो अन्याय झाला तो केवळ राजकारणी मंडळींनींच केला असें नव्हे; विद्येनेंही त्याला हातभार लाविला. ऑयगेन फिशर (१८७४–१९६७) हे याच फ्रायबुर्गांत शिकले, तेथेंच शरीररचनाशास्त्र शिकवूं लागले व मानववंशांची उच्चनीचता शास्त्राच्या भाषेंत सांगूं लागले. १९२७ सालीं ते बर्लिनच्या मानववंशसंस्थेचे प्रमुख झाले. आमच्या वाचकांस परिचित अशा डॉ. इरावती कर्वे या त्याच संस्थेंत फिशर यांच्या हाताखालीं शिकल्या. मनुष्याच्या कवटीची डावी-उजवी बाजू सारखी नसते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. या असमानतेचा संबंध वंशाशीं जोडला जावा, अशी गुरूची अपेक्षा होती. इरावतीबाईंनीं कवट्या मोजल्या व तसा संबंध दिसत नाहीं असें लिहून दिलें. परक्या देशांत, पदवी ज्याच्या हातीं त्याच्याच मताविरुद्ध, पंचविशींतील एका महाराष्ट्रीय स्त्रीनें केवळ मोजमापाच्या आधारावर असें लिहावें, हें लहान धैर्य नव्हे. १९३० सालीं त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली.

नवी पालवी

२७ नोव्हेंबर १९४४ च्या रात्रीं ब्रिटिश विमानांनीं फ्रायबुर्गवर बाँब टाकले. सुमारें २८०० माणसें मेलीं, जुनें गांव उद्ध्वस्त झालें, विद्यापीठाच्या कित्येक इमारती जळाल्या. त्यांतूनही शहर पुनः उभें राहिलें. १९५३ सालीं एक विलक्षण योग जुळून आला. महारेणूंचें रसायनशास्त्र ज्यांनीं उभें केलें, त्या फ्रायबुर्गच्या हेर्मान स्टाउडिंगर यांना रसायनाचें नोबेल मिळालें, आणि त्याच वर्षीं वैद्यकाचें नोबेल मिळालेल्या दोघांत हान्स क्रेब्ज होते. एक घरीं राहिलेला, एक घराबाहेर घातलेला!

पुढील पिढ्यांनीं या विद्याकुलाला पुनः नांव मिळवून दिलें. निकोलाउस फान्नर यांनीं पेशींतील तंतुकणिका हा विषय घेतला. क्रेब्ज यांचें चक्र ज्या कणिकांत फिरतें, त्याच या कणिका. यीस्टमध्यें त्यांना सुमारें एक हजार निरनिराळीं प्रथिनें लागतात, पण त्यांपैकीं अवघीं आठ त्या स्वतः घडवितात. बाकीचीं सारीं बाहेरून आणावीं लागतात. तीं कोणत्या दारानें येतात, द्वारपाल कोण, खूण कशी पटविली जाते, हें फान्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनीं वर्षानुवर्षें शोधिलें. २००४ सालीं त्यांस लाइब्निट्स पारितोषिक देण्यांत आलें. राल्फ रेस्की यांनीं भिंतीवर उगवणाऱ्या हरितशेवाळाच्या जातींतील एका क्षुद्र वनस्पतीस आपलें आयुष्य वाहिलें. तिचा संपूर्ण जनुकसंच २००८ सालीं प्रसिद्ध झाला, त्यांत त्यांचा मोठा वांटा होता. पेटर बायर यांनीं झुरिच येथील इंगो पोट्रिकुस यांच्यासह, ‘अ’ जीवनसत्त्वाचें पूर्वद्रव्य दाण्यांतच तयार करणारा पिवळा तांदूळ निर्माण केला व २००० सालीं तो जगापुढें ठेविला. केवळ भातावर पोसलेल्या मुलांस येणारें आंधळेपण टळावें, हा त्यांचा हेतु. फिलिपीन्सनें २०२१ सालीं त्याच्या लागवडीस परवानगी दिली. २०२४ सालीं तेथील न्यायालयानें ती रद्द केली. शास्त्रज्ञाचें काम प्रयोगशाळेंत संपत नाहीं, तें लोकांच्या विश्वासापाशीं येऊन थांबतें, हें यावरून दिसतें.

असो. आतां वाइझमान यांच्या उंदरांकडे वळूं. शेपूट तुटल्याचें दुःख ज्याप्रमाणें पुढील पिढीस मिळत नाहीं, त्याचप्रमाणें आयुष्यभर कमावलेली विद्याही रक्तांतून उतरत नाहीं. वेदशास्त्रसंपन्न आजोबांचा नातू मुळाक्षरांपासूनच सुरुवात करतो. ज्या घराण्यांत विद्या पिढ्यान्‌पिढ्या टिकली, तेथें ती कोणीतरी रोज पहांटे बसून शिकविली म्हणून टिकली. अमक्या कुळांत जन्म झाला म्हणून नव्हे. फ्रायबुर्गनें १९३३ सालीं रक्त पाहिलें व विद्या घालविली. हा दोष दाखवितांना आपण केवळ जर्मनीकडेच बोट करावें, असें आम्हांस वाटत नाहीं. आपल्या गांवच्या शाळेंत व वाड्याच्या ओसरीवर ‘हा कोणाचा?’ असें विचारून आपण किती मुलांस परत पाठविलें, याचा हिशेब ज्यानें त्यानें आपल्याशीं करावा.

आणि घरांतील वंशवृक्ष पुढच्या वेळीं नव्यानें लिहून काढतांना, जिनें आपल्याला पहिलें अक्षर गिरवावयास शिकविलें, त्या आईचें, आजीचें किंवा आत्याचें नांवही त्यांत लिहावें, एवढी आमची वाचकांस विनंति आहे.